फिरत्या कंपोस्ट ड्रममध्ये बागेचा कचरा: ड्रमकडून नेमकी कशाची अपेक्षा ठेवावी?

पालापाचोळा (धागाकर्ता)

फिरता कंपोस्ट ड्रम, म्हणजे चौकटीवर बसवलेले आणि हाताने गोल फिरवता येणारे बंद पिंप, घरच्या बागेसाठी कितपत उपयोगी आहे याविषयी येथे अधूनमधून प्रश्न येत असतात. त्यांची उत्तरे निरनिराळ्या धाग्यांत विखुरलेली असल्यामुळे हा विषय एकत्र मांडावा असे वाटले. ही मांडणी मुख्यतः बागेतील कचऱ्यापुरती आहे: वाळलेली पाने, कापलेले गवत, छाटणीतील कोवळ्या फांद्या, उपटलेले तण आणि हंगाम संपल्यावर काढून टाकलेली रोपे. स्वयंपाकघरातील कचरा ड्रममध्ये घालू नये असे माझे म्हणणे नाही; पण ड्रमविषयीचा बहुतेक सल्ला त्या कचऱ्याला धरून दिलेला असतो आणि तो बागेच्या कचऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे.

भाज्यांच्या सालींत आणि फळांच्या टाकाऊ भागांत पाणी व नत्र दोन्ही भरपूर असतात, म्हणून त्या कचऱ्यासाठी सुके घालत राहण्याचा सल्ला बरोबर ठरतो. बागेच्या कचऱ्याची अडचण वर्षातील बराच काळ याच्या उलट असते. सूक्ष्मजीवांना ऊर्जेसाठी कर्ब आणि शरीरबांधणीसाठी नत्र लागते, आणि कर्बाचे २५ ते ३० भाग व नत्राचा १ भाग असे वजनी प्रमाण असले म्हणजे कुजण्याची क्रिया जोमाने चालते. वाळलेल्या पानांत नत्राच्या एका भागामागे कर्बाचे साधारण ४० ते ८० भाग असतात, पेंढ्यात ८० च्या आसपास, तर लाकडाच्या भुशात कित्येक शेकडा. नुसत्या वाळलेल्या पानांनी भरलेला ड्रम महिनोन्महिने फिरवला तरी पाने मोडतात, त्यांचा चुरा होतो, पण ती कुजत नाहीत. नुकत्याच कापलेल्या गवतात मात्र हे प्रमाण १५ ते २५ असते; ते एकटेच भरले तर दबून बसते, आत हवा शिरत नाही आणि लवकरच अमोनियाचा उग्र वास सुटतो. म्हणजे एकमेकांना पूरक असे दोन्ही पदार्थ बागेत असतातच, फक्त ते एकाच वेळी हाताशी येत नाहीत, कारण गवत जोरात वाढते तेव्हा पानगळ नसते आणि पानगळ होते तेव्हा गवत मंदावलेले असते.

म्हणूनच ड्रमइतकेच महत्त्व त्याच्या शेजारी ठेवलेल्या कोरड्या पानांच्या साठ्याला आहे, असे माझे मत आहे. पानगळीत गोळा केलेली पाने पोत्यांत भरून किंवा जाळीच्या घेरात पावसापासून आडोशाला ठेवली, तर ती पुढच्या हंगामापर्यंत सहज टिकतात. प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब देतो. ताज्या गवतात साधारण ८० टक्के पाणी असते, म्हणजे १० किलो गवतात कोरडे द्रव्य जेमतेम २ किलो. त्याला ३ ते ४ किलो वाळलेली पाने जोडली, तर मिश्रणाचे कर्ब-नत्र प्रमाण ३० च्या जवळ येते आणि ओलावाही ६० टक्क्यांच्या आसपास राहतो, त्यामुळे वरून पाणी घालावे लागत नाही. पाने वजनाने कमी असली तरी हलकी असल्यामुळे त्यांचा ढीग गवताच्या दीडपट ते दुप्पट दिसतो. तेवढा पाहून हात आखडता घेण्याचे कारण नाही.

पानगळीच्या दिवसांत हे गणित बदलते. १० किलो वाळलेल्या पानांचा ओलावा ५० ते ५५ टक्क्यांवर आणण्यासाठी ८ ते १० लिटर पाणी लागते, आणि पानांवर मेणचट थर असल्यामुळे वरून शिंपडलेले पाणी ओघळून खाली जाते. पाने घमेल्यात किंवा टाकीत रात्रभर भिजवून, निथळून मग ड्रममध्ये घालणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. नत्रासाठी शेण, कोंबडीखत, कोवळे ताजे तण किंवा कॉफीचा चोथा यांपैकी जे मिळेल ते चालते. यांपैकी काहीच नसेल तर १० किलो पानांना सुमारे १५० ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून, दोन-तीन वेळा विभागून दिला तरी हिशेब जुळतो. रासायनिक खत कंपोस्टमध्ये घालणे अनेकांना पटत नाही, हे मला ठाऊक आहे आणि शेण मिळत असेल तर मीही तेच घेईन. परंतु नत्राविना अडून राहिलेल्या ड्रमपेक्षा युरिया घातलेला ड्रम बागेच्या अधिक उपयोगाचा आहे.

आता मुख्य मुद्दा. ड्रम म्हणजे पूर्ण झालेले खत देणारे यंत्र, या समजुतीतून बहुतेक निराशा उद्भवते. ड्रम हे कुजण्याचा पहिला, जोरकस टप्पा बंदिस्त जागेत नीट पार पाडणारे भांडे आहे. त्यानंतरची मुरण्याची अवस्था ड्रमबाहेर, मातीला टेकून झाली तर खत चांगले होते आणि ड्रमही पुढच्या खेपेसाठी मोकळा होतो. ज्यांनी ड्रम बराच काळ वापरला आहे त्यांनी आपली निरीक्षणे येथे नोंदवावीत, ही विनंती.

नवी बाग

आपला हिशेब अतिशय उपयुक्त आहे. माझ्याकडे १६० लिटरचा, दोन कप्प्यांचा ड्रम आहे. त्यासोबत आलेल्या माहितीपत्रकात दोन ते तीन आठवड्यांत खत तयार होईल आणि ड्रम रोज फिरवावा असे म्हटले आहे. त्याप्रमाणे मी रोज फिरवते, परंतु झाकण उघडून हात आत नेला तर उष्णता जाणवत नाही आणि पाने अजून ओळखू येतात. कुजताना मिश्रण चांगले तापते असे सर्वत्र वाचनात येते. माझ्या मिश्रणात काही उणीव असावी, की लहान ड्रममध्ये असेच होते?

सूक्ष्मदर्शी

दोन्ही कारणे संभवतात, पण आकाराचे कारण आधी पाहू, कारण त्याचा उल्लेख सहसा कोणी करत नाही.

उष्णता मिश्रणाच्या सगळ्या घनफळात निर्माण होते आणि बाहेर पडते ती पृष्ठभागातून. एखाद्या ढिगाची लांबी, रुंदी आणि उंची निम्मी केली, तर त्याचे घनफळ एक-अष्टमांश होते, पृष्ठभाग मात्र एक-चतुर्थांशच होतो. म्हणजे तेवढ्याच घनफळामागे उष्णता बाहेर जाण्याचा मार्ग दुप्पट रुंद होतो. उघड्यावरील ढीग तापून टिकण्यासाठी तो सुमारे १ घनमीटर असावा असे म्हणतात, ते याच कारणामुळे. आपल्या ड्रमचा एक कप्पा ८० लिटरचा, म्हणजे घनमीटरच्या बाराव्या हिश्शापेक्षाही लहान आहे आणि त्याच्या भिंती पातळ प्लास्टिकच्या आहेत. अशा कप्प्यात मिश्रण बिनचूक असले तरी तापमान थोडा वेळ चढते आणि उतरते. त्यात काळजी करण्यासारखे काही नाही. साधारण ४० अंशांपर्यंत काम करणारे मध्यम तापमानाचे जिवाणू कचरा कुजवतातच, फक्त त्यांना वेळ अधिक लागतो. त्यापुढे उष्णताप्रिय जिवाणूंचे राज्य सुरू होते, आणि ७० अंशांच्या आसपास त्यांच्यापैकीही बहुतेक मरू लागतात.

रोज फिरवण्याबाबत मात्र माझे मत माहितीपत्रकाच्या विरुद्ध आहे. ड्रम फिरवल्याने आत प्राणवायू जातो हे खरे. पण कुजण्याची क्रिया भरात असताना तो प्राणवायू काही तासांतच संपतो. ड्रम दिवसातून एकदा फिरवणाऱ्याचे सूक्ष्मजीव उरलेला सारा दिवस श्वास घेतात तो मिश्रणातील पोकळ्यांतून आणि ड्रमच्या छिद्रांतून सरकत राहणाऱ्या हवेवर. म्हणून पोकळ्या टिकवणारे भरड पदार्थ, जसे की २ ते ५ सेंटीमीटर लांबीचे काटक्यांचे तुकडे किंवा लाकडाच्या ढलप्या, हे फिरवण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहेत. वारंवार फिरवल्याने साठलेली उष्णता आणि वाफ निघून जाते, आणि लहान ड्रममध्ये ती पुन्हा साठणे कठीण असते. शिवाय पानांतील लिग्निन, म्हणजे त्यांना ताठपणा देणारे काष्ठद्रव्य, मुख्यतः बुरशी फोडते आणि बुरशीचे तंतू प्रत्येक फेऱ्यात तुटतात. सुरुवातीचे दोन आठवडे तीन दिवसांतून एकदा, पुढे आठवड्यातून एकदा, आणि प्रत्येक वेळी पाच-सहा पूर्ण फेरे, एवढे पुरेसे आहे.

फिरत्या पिंपाची कल्पना नवी नाही, ही माहिती या धाग्याच्या संदर्भात उद्बोधक वाटते. डेन्मार्कमध्ये १९३० च्या दशकात शहरी कचऱ्यासाठी दानो या नावाने ओळखले जाणारे प्रचंड फिरते दंडगोल विकसित झाले. त्या दंडगोलांत कचरा थोडे दिवसच ठेवत, आणि नंतर तो लांब ढिगांत घालून मुरवत. धागाकर्त्यांनी मांडलेला दोन टप्प्यांचा विचार तेथे आधीपासून दिसतो.

कुदळ

मी या विषयावर थोडे वेगळे मत नोंदवू इच्छितो. बागेचा कचरा मुळात आकाराने मोठा आणि एकदम येणारा असतो. एका मध्यम झाडाची पानगळ किंवा कुंपणाची एक छाटणी २०० लिटरच्या ड्रमला पुरून उरते. लाकडी फळ्यांचा किंवा जाळीचा १ घनमीटरचा उघडा चौकोन केला, तर तो तापतो, त्यात बुरशी निर्वेधपणे वाढते, तळातून गांडुळे आपणहून येतात, आणि तो फिरवावा लागत नाही. ड्रम जमिनीपासून वर असल्यामुळे मातीतील जीवसृष्टी त्यात शिरत नाही. ज्यांच्याकडे चार हात जमीन आहे त्यांनी बागेच्या कचऱ्यासाठी ड्रम घ्यावाच कशाला, असा माझा सरळ प्रश्न आहे.

पालापाचोळा

कुदळ यांचा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर जागेवर आणि शेजाऱ्यांवर अवलंबून आहे. जमीन मोकळी असेल, उंदीर-घुशींचा उपद्रव नसेल आणि खत वर्षभराने मिळाले तरी चालत असेल, तर उघडा चौकोनच घ्यावा. त्यासाठी ड्रमवर खर्च करण्याचे कारण नाही. परंतु फरसबंदी केलेले अंगण, गच्ची, भिंतीला भिंत लागून असलेली घरे अशा ठिकाणी ढीग घालताच येत नाही. जेथे उंदीर येतात तेथे जमिनीपासून वर, घट्ट झाकणाचे भांडे ही मोठी सोय आहे. मुसळधार पावसात उघडा ढीग चिंब होऊन त्यातील विरघळणारे पोषक घटक वाहून जातात. ड्रममध्ये ओलावा आपल्या हातात राहतो. आणि ज्यांना फावड्याने ढीग उलथणे शरीराला झेपत नाही, त्यांच्यासाठी फिरवण्याचा दांडा हा कंपोस्ट करणे आणि न करणे यांतला फरक ठरतो. हे शेवटचे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण बागेवर प्रेम करणारी कितीतरी माणसे उतारवयात असतात.

दोन्हींचा मेळ घालणे तर सर्वांत चांगले. बारीक केलेली पाने, गवत आणि कोवळे तण ड्रममध्ये. अंगठ्यापेक्षा जाड फांद्या आणि चिवट, कातडी पाने बाहेर एका कोपऱ्यात, ज्यांना सावकाश कुजायला मुभा आहे. गांडुळांविषयी मात्र कुदळ यांच्याशी पूर्ण सहमत आहे. ड्रममध्ये ती मुद्दाम सोडूही नयेत, कारण मिश्रण तापले तर त्यांना पळून जायला जागा नसते.

लोहारकाम

येथे यंत्राच्या बाजूने काही लिहितो, कारण खरेदी करताना लोक लिटर पाहतात आणि वजन पाहत नाहीत.

ओले, अर्धवट कुजलेले मिश्रण लिटरमागे अर्धा किलो किंवा त्याहून थोडे अधिक भरते. २०० लिटरचा ड्रम दोन-तृतीयांश भरला, तर आत ६५ ते ८० किलो वजन असते, आणि ते सारखे पसरलेले नसते. ते नेहमी खालच्या बाजूला गोळा होते. फिरवणाऱ्याला ते वजन एका बाजूने वर उचलून पलीकडे टाकायचे असते. मधोमध बसवलेल्या आडव्या आसावर कोलांट्या घेणारा उभट ड्रम भरलेला असताना फिरवणे यामुळेच जड जाते, आणि वजन एकदा पलीकडे गेले की तो झटक्याने खाली येतो. हात व चेहरा त्याच्या वाटेत नसावा. लांबीच्या दिशेने आस असलेला आडवा ड्रम तुलनेने सौम्य फिरतो. दातेरी चक्र आणि दांडा असलेली रचना मोठ्या ड्रमला आवश्यकच समजावी; ती हळू फिरते, पण आटोक्यात राहते.

आस प्लास्टिकच्या भिंतीतून जेथे जातो तेथे धातूची चकती आहे का, हे पाहावे, कारण भेग पडते ती तेथेच. आतून उभ्या पट्ट्या किंवा आरपार दांडे असतील तर मिश्रण उचलले जाते. गुळगुळीत भिंतीवर ओला माल नुसता घसरत राहतो आणि ड्रम फिरला तरी माल उलटत नाही. पत्र्याचा ड्रम घेणार असाल तर जस्ताचा मुलामा असलेलाच घ्यावा, कारण कुजण्याच्या सुरुवातीला आम्ले तयार होतात आणि उघडे लोखंड लवकर खातात. प्लास्टिकचा असेल तर तो अतिनील किरण सहन करणारा असावा. झाकण इतके रुंद हवे की फावडे किंवा किमान दोन्ही हात आत जातील, आणि ड्रमखाली घमेले सरकवता येईल एवढी उंची हवी. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण ड्रम रिकामा करण्याच्या दिवशी तिचे महत्त्व पटते.

चौकट पक्क्या, सपाट जागेवर ठेवावी. मऊ मातीत ८० किलोखाली एक पाय जरी खचला तरी आस वाकडा होतो.

अंगणवेल

माझा अनुभव गवताविषयी आहे. हिरवळीचे कापलेले गवत ड्रममध्ये घातले की फिरवता फिरवता त्याचे मुठीएवढे घट्ट गोळे होतात. ते बाहेरून काळपट आणि आतून हिरवे-पिवळे, घाण वास येणारे असतात. आणखी फिरवले तर गोळे मोडण्याऐवजी अधिक घट्ट होतात. दुसरी गोष्ट, ड्रमच्या खालच्या छिद्रांतून तपकिरी पाणी गळते. ते कुंड्यांना खत म्हणून घालावे असे काहीजण सांगतात. ते योग्य आहे का?

पालापाचोळा

गोळे होणे ही फिरत्या ड्रमची स्वतःची अशी अडचण आहे. स्थिर ढिगात ती उद्भवत नाही. ओला, बारीक आणि एकजिनसी माल भिंतीवरून लोळत गेला की तो स्वतःभोवती चिकटत वाढतो, आणि गोळ्याच्या आत हवा नसल्यामुळे तेथे कुजणे सडण्यात बदलते. फिरवण्याचे प्रमाण वाढवणे हा त्यावर उपाय नव्हे, हे आपण अनुभवलेच आहे. फिरवणे थांबवावे, गोळे हातमोजे घालून किंवा काट्याने फोडावेत, कोरडी पाने आणि काटक्यांचे तुकडे भरपूर मिसळावेत, आणि मगच पुन्हा फिरवावे. पुढच्या वेळी गवत कापल्यावर ते एक दिवस पातळ पसरून कोमेजू द्यावे. त्यातील बरेच पाणी उडून जाते आणि चिकटपणा पुष्कळ कमी होतो. फाडलेला पुठ्ठाही चालतो, कारण तो पाणी शोषतो आणि काही काळ पोकळी धरून ठेवतो. मात्र गुळगुळीत, मुलामा दिलेला पुठ्ठा घेऊ नये.

गळणाऱ्या पाण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: ते कुंड्यांना घालू नये. ते अर्धवट कुजलेल्या मालातून निथळलेले असते, त्यात सेंद्रिय आम्ले असतात जी कोवळ्या मुळांना अपाय करतात, आणि रोगजंतूही असू शकतात. तयार, मुरलेल्या खतातून मुद्दाम काढलेला अर्क आणि हे पाणी यांत पुष्कळ अंतर आहे. ते ड्रमखालच्या घमेल्यात धरावे आणि कोरड्या पानांवर ओतून पुन्हा ड्रममध्ये घालावे. त्यातील नत्र फुकट जात नाही. आणि पाणी सतत गळत असेल तर मिश्रण फार ओले आहे, हीच त्यातली मुख्य सूचना समजावी. मूठभर माल घट्ट आवळला असता बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसावा. धार लागली तर ओल अधिक आहे, आणि मूठ उघडताच माल भुसभुशीत होऊन विखुरला तर पाणी कमी आहे.

वासावरूनही बरेच कळते. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे नत्र जादा, तेव्हा कोरडी पाने वाढवावीत. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवेचा अभाव, तेव्हा भरड माल घालून ड्रम फिरवावा. अमोनियाचा वास आला असता चुना किंवा राख मात्र घालू नये. त्यामुळे मिश्रण अधिक अल्कधर्मी होते आणि नत्र आणखी वेगाने उडून जाते.

कुदळ

धागाकर्त्यांचे आधीचे उत्तर मला पटले, विशेषतः शारीरिक श्रमाविषयीचे. मात्र तणाविषयी येथे कोणी सावधानतेची सूचना दिलेली नाही, ती द्यायला हवी. हरळीचे तुकडे आणि लव्हाळ्याच्या गाठी न तापलेल्या ड्रममधून जिवंत बाहेर पडू शकतात, आणि ते खत वाफ्यात पसरले की तण आपण स्वतःच पेरल्यासारखे होते. अशी मुळे उन्हात पूर्ण करकरीत वाळवावीत, किंवा काळ्या पिशवीत पाणी घालून कित्येक आठवडे सडू द्यावीत, आणि मगच मिश्रणात घ्यावीत. बी धरलेल्या तणाचे तुरे छाटून वेगळे काढावेत.

सूक्ष्मदर्शी

कुदळ यांची सूचना रास्त आहे आणि तिला आकड्यांचा आधार देता येतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये सांडपाण्याच्या गाळासाठी जे नियम केले, त्यांत बंदिस्त भांड्यातील कंपोस्टसाठी ५५ अंश सेल्सियस तापमान सलग ३ दिवस, आणि उघड्या लांब ढिगांसाठी तेच तापमान १५ दिवस व त्या काळात ५ वेळा उलथापालथ, अशी अट आहे. ती अट रोगजंतूंसाठी आहे, पण बहुतेक तणांच्या बियाही याच सुमारास निकामी होतात. लांब दांड्याचा तापमापक मिश्रणाच्या मध्यापर्यंत घालून हे घरी तपासता येते. मध्यभाग ५५ अंशांवर गेला तरी भिंतीलगतचा माल थंड असतो, म्हणून तो आत येईल अशा बेताने ड्रम फिरवून पुन्हा तापू दिला पाहिजे. घरगुती लहान ड्रममध्ये ही अट पुरी होईल असे गृहीत धरू नये. मर रोगाने गेलेली रोपे, मुळांना गाठी आलेली रोपे आणि विषाणूने वळलेली पाने ड्रमबाहेरच ठेवावीत.

आणखी एका धोक्याचा उल्लेख आवश्यक आहे. क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड ही रुंद पानांची तणे मारणारी औषधे कंपोस्ट होतानाही सहजासहजी नष्ट होत नाहीत. फवारलेले गवत, किंवा असे गवत खाल्लेल्या जनावरांचे शेण, यांतून ती खतात येतात आणि टोमॅटो, वाटाणा, घेवडा यांची पाने वेडीवाकडी वळतात. बाहेरून गवत किंवा पेंढा आणत असाल तर फवारणीची चौकशी अवश्य करावी.

नवी बाग

सर्वांचे मनापासून आभार. फिरवणे कमी केले, काटक्यांचे तुकडे आणि भिजवलेली पाने मिसळली, आणि एका कप्प्यात नवीन माल टाकणे पूर्णपणे थांबवले. त्या कप्प्यातील माल आता खाली बसला आहे, काळा झाला आहे आणि जंगलातील मातीसारखा वास येतो. तो काढावा का? आणि काढल्यावर थेट वाफ्यात घालता येईल का?

पालापाचोळा

एक कप्पा बंद केला हे उत्तम केले. दोन कप्प्यांचा सारा अर्थ त्यातच आहे. एकाच कप्प्यात रोज थोडे थोडे टाकत राहिले, तर काही माल तयार, काही अर्धा कच्चा आणि काही कालचा, असे मिश्रण कायम राहते आणि ते कधीच काढण्याजोगे होत नाही. बागेच्या कचऱ्याबाबत मी तर असे सुचवेन की शक्य असेल तेव्हा कप्पा एकाच दिवशी, दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरून घ्यावा. गच्च भरला तर माल उलटायला जागा राहत नाही, आणि फार कमी भरला तर तो तापत नाही. भरताना मागच्या खेपेचे तयार खत दोन-तीन ओंजळी विरजण म्हणून घातले की पुरते. वेगळी पावडर विकत घेण्याची गरज नाही.

आता आपला प्रश्न. माल काढावा, परंतु वाफ्यात लगेच घालू नये. ड्रममधून निघालेला माल वरकरणी तयार दिसला तरी त्यातील कुजण्याची क्रिया संपलेली नसते, आणि असे खत मातीत मिसळले तर सूक्ष्मजीव आपली नत्राची गरज मातीतून भागवतात व रोपे पिवळी पडतात. तो सावलीत, शक्यतो उघड्या मातीवर, ढीग करून गोणपाटाने झाकून ठेवावा, अधूनमधून पाणी शिंपडावे आणि किमान चार आठवडे मुरू द्यावे. पाने चिवट असतील तर दुप्पट काळ द्यावा. याच अवस्थेत बुरशीला सलग वेळ मिळतो आणि कुदळ यांची गांडुळेही येतात. एकूण हिशेब असा की मिश्रण चांगले असेल तर ड्रममध्ये सहा ते बारा आठवडे आणि बाहेर आणखी चार ते आठ. दोन-तीन आठवड्यांचा दावा माल काळा दिसू लागण्यापुरता खरा असू शकतो, रोपांना निर्धास्तपणे देता येईल अशा खतापुरता नाही.

तयार झाले की नाही, हे दोन प्रकारे पाहता येते. ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून चार-पाच दिवस ठेवावे. उघडल्यावर आंबट किंवा अमोनियाचा वास आला तर ते अजून कच्चे आहे. दुसरे, एका कुंडीत हे खत आणि माती समप्रमाणात आणि दुसरीत नुसती माती घेऊन दोन्हींत मुळ्याच्या बिया पेराव्यात. मुळा झटपट उगवतो, त्यामुळे आठवड्याभरात फरक दिसतो. खताच्या कुंडीत उगवण कमी झाली किंवा रोपे खुरटली तर मुरवणे चालू ठेवावे. सूक्ष्मदर्शी यांनी सांगितलेल्या तणनाशकाची शंका असेल तर मुळ्याऐवजी घेवडा पेरून त्याला तीन-चार खरी पाने येईपर्यंत पाहावे, कारण ते विकार नव्या पानांत दिसतात.

नवी बाग

मुरवण्याचा ढीग घातला आहे. शेवटची शंका चाळण्याविषयी आणि प्रमाणाविषयी आहे. काटक्या बऱ्याच उरल्या आहेत; त्या फेकून द्याव्यात का? आणि कुंडीत किती खत चालते?

पालापाचोळा

काटक्या मुळीच फेकू नयेत. १ सेंटीमीटरच्या जाळीतून खत चाळावे आणि जाळीवर राहिलेला भरड माल तसाच पुढच्या खेपेत घालावा. त्याच्यावर सूक्ष्मजीव आधीच वसलेले असतात, त्यामुळे तो विरजणाचेही काम करतो आणि हवेसाठी पोकळ्याही धरतो. एकच काटकी तीन-चार खेपा उपयोगी पडते. माल चाळण्यापूर्वी थोडा सुकू द्यावा, नाहीतर जाळी भरून जाते.

भरलेला कप्पा शेवटी निम्म्याहून कमी होतो, हे लक्षात घेऊन खताचे वाटप ठरवावे. कुंडीच्या मिश्रणात खत एक-चतुर्थांश, फार तर एक-तृतीयांश असावे. त्याहून अधिक घातले तर क्षार वाढतात आणि खत दबत गेल्यामुळे कुंडीतील पाण्याचा निचरा मंदावतो. वाफ्यात २ ते ३ सेंटीमीटरचा थर वरच्या मातीत हलक्या हाताने मिसळावा. मोठ्या झाडांसाठी तो नुसता पसरला तरी चालतो, फक्त खोडाला टेकू देऊ नये; बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी.